शाळेचे छप्पर आणि शाळेची विहीर

(ग्रंथालयाच्या शताब्दी-व्याख्यानमालेत इंदूर येथे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



ज्या ग्रंथालयाने मला वाचायला शिकविले, त्याच्या शताब्दीच्या निमित्ताने बोलण्याची संधी आपण मला दिलीत, याबद्दल मी मनःपूर्वक ऋणी आहे. मी साहित्यिक नव्हे. आयुष्यभर शाळामास्तरकी केली आणि शेवटची काही वर्षे मुख्याध्यापक म्हणून काढली. त्यामुळे ग्रंथालयाच्या व्यासपीठावर मी शाळेविषयी बोलणार, हे आपण गृहीत धरलेच असेल. शाळा आणि ग्रंथालय ही एकाच घरातली भावंडे आहेत. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी १९०६ साली साऱ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि त्यानंतर चारच वर्षांनी, १९१० साली, अमेरिकेहून बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची उभारणी सुरू केली. आपल्या पूर्वजांनीही मुलुखाबाहेर येऊन संसार मांडले तेव्हा देऊळ, शाळा आणि वाचनालय या तीन वास्तूंना पदरमोड करून उभे केले. त्यांतल्या शाळेच्या वास्तूविषयी, आणि ती वास्तू पाणी, ऊन, वारा व कचरा यांच्याशी कशी वागते याविषयी, आज मला बोलायचे आहे.

आरंभी एक कबुली देतो. १९८८ साली मी ज्या शाळेत मुख्याध्यापक होतो, तेथे एका उदार देणगीतून नवी इमारत बांधण्याचे ठरले. जुनी बैठी कवेलूंची शाळा होती. जाड भिंती, पुढे लांब पडवी, अंगणात पश्चिमेला दोन कडुनिंब आणि कोपऱ्यात एक विहीर. ही पडवी पाडली गेली, कडुनिंब तोडले गेले आणि त्या जागी दुमजली सिमेंटची इमारत उभी राहिली. रस्त्यावरून भव्य दिसावी म्हणून तिचे तोंड पश्चिमेकडे केले. त्या ठरावावर माझी सही आहे, आणि ती मी आनंदाने केली होती. विहीर बुजवून तेथे सायकली ठेवण्याची जागा करायची होती, पण आमच्या वृद्ध शिपायांनी मला बाजूला घेऊन सांगितले, "सर, पाण्याला मूठमाती देऊ नये. झाकायची तर झाका, पण बुजवू नका." त्यांच्या म्हणण्याचा मान राखून आम्ही विहिरीवर स्लॅब टाकला.

पहिल्याच चैत्रात इमारतीने आपले गुण दाखविले. दुपारी एकनंतर वरच्या मजल्यावरच्या वर्गांत बसवेना. पंख्याखालची हवा तव्यावरून आल्यासारखी येई. वार्षिक परीक्षेला आम्ही मुलांना खाली व्हरांड्यात आणून बसविले. पुढे काही वर्षांनी उन्हाळ्यात पाण्याचा टँकर येऊ लागला. आणि तो टँकर नेमका त्या झाकलेल्या विहिरीवरच्या स्लॅबवर उभा राही. हे दृश्य मी रोज पाहत होतो, तरी त्यातला विनोद मला उमगायला बराच काळ लागला. त्या अवधीत मी पाचवीच्या वर्गाला 'पाण्याची बचत' या विषयावर निबंध मात्र नेमाने घालत असे.

मित्रहो, पर्यावरणाचे शिक्षण आपल्याकडे असेच आले. १९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने निसर्गाचे रक्षण हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले. १९९१ साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिक्षणात आणण्याचा आदेश दिला आणि २००३ मध्ये तो प्रत्येक इयत्तेला सक्तीचा करण्यासंबंधी पुन्हा बजावले. पुस्तके निघाली, धडे आले, प्रश्नपत्रिका निघाल्या. परंतु ज्या खोलीत बसून मूल हा धडा वाचते ती खोलीच त्या धड्याच्या विरुद्ध बोलत असेल, तर मुलाने कोणावर विश्वास ठेवावा? मूल पुस्तकापेक्षा भिंतीवर अधिक विश्वास ठेवते, असा माझा अनुभव आहे. शिक्षणहक्क कायदा २००९ साली झाला आणि त्याने शाळेसाठी बारमाही टिकणारी इमारत, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे सुरक्षित पाणी, क्रीडांगण यांची यादी दिली. ही यादी आवश्यक आहेच. पण वैशाखात वर्गात बसवते की नाही, हा प्रश्न त्या यादीत नाही. तो आपणच विचारला पाहिजे.

हा विचार नवा नाही. रवींद्रनाथांनी १९०१ साली शांतिनिकेतनात शाळा काढली ती झाडांच्या सावलीत भरणारी, आणि १९२८ साली तेथे वृक्षारोपणाचा उत्सव सुरू केला. आपल्या अधिक जवळचे उदाहरण वर्ध्याचे. १९३६ साली गांधीजी शेगावला राहायला आले. पुढे त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. तेथील आदिनिवास आणि बापूकुटी पाहिलेल्यांना माती, बांबू आणि कवेलू यांतून उभी राहिलेली ती घरे विदर्भाच्या उन्हाळ्यात किती सुखाची आहेत, हे ठाऊक आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात शिक्षणपरिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि 'नई तालीम' जन्माला आली. हाताने काम करावे आणि त्या कामातूनच गणित, भाषा, विज्ञान शिकावे, ही तिची मूळ कल्पना. पुढे ती मागे पडली, कारण पालकांना मुलांच्या हातात चरख्याऐवजी प्रमाणपत्र हवे होते. त्यात त्यांचा सर्वस्वी दोष होता असे मी म्हणणार नाही. परंतु २००५ साली सेवाग्रामच्या त्याच आवारात 'आनंद निकेतन' ही मराठी माध्यमाची शाळा पुन्हा सुरू झाली. तेथे शेती, स्वयंपाक, शिवण आणि सफाई ही कामे वेळापत्रकाच्या आत आहेत, बाहेर नाहीत.

दुसरे उदाहरण अगदी उलट्या हवामानातले. लडाखमध्ये १९८८ साली सोनम वांगचुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सेकमॉल' ही संस्था काढली. लेहजवळच्या फे या गावी तिचे आवार आहे आणि दहावीच्या परीक्षेत नापास झालेल्या मुलांना तेथे आधार मिळाला. तेथील मोठी इमारत ठोकून बसविलेल्या मातीची आहे. दक्षिणेकडे काचा लावून हिवाळ्यातले ऊन आत घेतलेले आहे आणि ते ऊन जाड मातीच्या भिंतींत साठून राहते. त्यामुळे बाहेर तापमान शून्याखाली पंधरा अंश असतानाही खोल्या जवळजवळ इंधनावाचून उबदार राहतात. २०१६ साली या इमारतीला फ्रान्समध्ये लियाँ येथे मातीच्या बांधकामासाठीचा आंतरराष्ट्रीय 'टेरा' पुरस्कार मिळाला. आणि हे आवार चालवितात ते तेथले विद्यार्थीच. गाईंपासून सौरदिव्यांपर्यंत एकेका कामाची जबाबदारी एकेकाकडे असते.

आता, फे येथील इमारतीचा आराखडा जसाच्या तसा इंदुरात आणला तर काय होईल? मुले भाजून निघतील! लडाखला ऊन घरात हवे आहे, माळव्याला ते उंबऱ्याबाहेर थोपवायचे आहे. म्हणून अशा शाळेचे एकच एक चित्र नसते, प्रश्न मात्र सर्वत्र सारखेच असतात. येथला सूर्य कोठून येतो? येथला पाऊस कोठे जातो? येथे कोणती सामग्री जवळ मिळते? आणि येथे उरलेल्या वस्तूचे काय होते? हे चार प्रश्न मी आपल्या गावापुरते सोडवून दाखवितो.

पहिला प्रश्न उन्हाचा. इंदूर कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेला आहे. मेअखेर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तर डिसेंबरात तो दक्षिणेकडे कलून क्षितिजापासून चव्वेचाळीस अंशांवर येतो. याचा अर्थ असा, की दक्षिणेच्या खिडकीवर हातभर छज्जा असला तर उन्हाळ्यातले ऊन अडते आणि हिवाळ्यातले आत येते. पूर्व आणि पश्चिम या बाजूंना मात्र सूर्य तिरपा असतो, त्याला छज्जा अडवू शकत नाही. तेथे भिंत, पडवी किंवा झाड हवे. म्हणून वर्गांची रांग पूर्व-पश्चिम लांबवावी, खिडक्या उत्तर-दक्षिण ठेवाव्या आणि पश्चिमेला जिने, भांडार यांसारख्या खोल्या टाकाव्या. समोरासमोर खिडक्या असल्या की वारा खेळतो. उत्तरेचा प्रकाश स्थिर असतो, फळ्यावर चमक येत नाही आणि दिवसा दिवा लावावा लागत नाही. या साऱ्याला जास्तीचा एक रुपया लागत नाही. पाया आखण्यापूर्वी थोडा विचार मात्र लागतो. आमच्या शाळेत रस्त्यावरून दिसणाऱ्या दर्शनी बाजूसाठी आम्ही तो केला नाही.

बांधून झालेल्या इमारतीलाही उपाय आहेत. गच्चीवर पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी घातली, किंवा निदान दर उन्हाळ्याआधी चुन्याचा हात दिला, तरी छत कमी तापते. पश्चिमेला पुन्हा कडुनिंब लावता येतो. तो दहा वर्षांनी सावली देतो, म्हणून तो आजच लावावा. आणि वीज? साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, नव्या मोटारीचा पंखा २८ वॅटच्या आसपास. वीस पंखे, रोज सहा तास, वर्षाचे दोनशे दिवस असा हिशेब मांडला तर पहिल्या प्रकाराला १,८०० युनिट लागतात आणि दुसऱ्याला ६७२. हे गणित सातवीतला मुलगा सोडवू शकतो, आणि त्याच्याकडूनच ते सोडवून घ्यावे. देणगीदारांना गच्चीवर सौरपाट्या बसवून त्यावर आपले नाव पाहणे आवडते. त्या अवश्य बसवाव्या; पण आधी खप कमी करावा, मग पाट्या मोजाव्या. गळकी घागर भरण्यासाठी नवा नळ घेण्यात शहाणपण नाही.

दुसरा प्रश्न पाण्याचा. इंदुरात १९७८ साली नर्मदेचे पाणी आले, तो दिवस आपल्यातल्या ज्येष्ठांना आठवत असेल. ते पाणी जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटरवरून येते. नदीचे पात्र आणि आपले शहर यांच्या उंचीत सुमारे चारशे मीटरांचा फरक आहे. एक हजार लिटर पाणी एवढे उंच चढवायला, पंपाची तूट धरून, निदान दीड युनिट वीज खर्च होते. म्हणजे शाळेच्या उघड्या राहिलेल्या नळातून पाणी वाहते तेव्हा त्याबरोबर वीजही वाहत असते, आणि ज्या खोऱ्यातून ते आले तेथल्या माणसांचा वाटाही.

उलट, आकाशातून येणारे पाणी आपण गटारात सोडतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते, हे सूत्र प्रत्येक मुलाला पाठ असावे. पाचशे चौरस मीटर छप्पर आणि नऊशे मिलिमीटर पाऊस धरला तर साडेचार लाख लिटर पाणी पडते. उडून जाणारे, पहिल्या सरींचे धुवणीचे असे वीस टक्के सोडले तरी तीन लाख साठ हजार लिटर उरते. चारशे मुलांना प्रत्येकी दोन लिटर प्यायचे पाणी २२० दिवस द्यायचे झाले तर लागते एक लाख शहात्तर हजार लिटर. म्हणजे निम्म्याहून कमी. अर्थात एवढे सारे साठवायला टाके परवडत नाही, आणि तपासणी व शुद्धीकरण केल्यावाचून ते मुलांना पाजणेही योग्य नाही. पण ते विहिरीत किंवा जमिनीत मुरविता येते.

२००४ साली आम्ही आमच्या विहिरीवरचा स्लॅब फोडला. गाळ काढला, कठडा आणि जाळी बसविली, छपराचे नळ एकत्र करून खडी-वाळूच्या कुंडीतून त्यांचे पाणी आत सोडले. पहिल्या पावसाचे पाणी बाहेर काढण्यासाठी वेगळी तोटी ठेवली, आणि अंगणातले मातकट पाणी विहिरीत जाणार नाही याची खबरदारी घेतली. जादू झाली असे मी सांगणार नाही. टँकर पूर्ण बंद झाला नाही. परंतु पूर्वी माघात त्याची वाट पाहावी लागे, ती आता वैशाखावर गेली. झाडे आणि स्वच्छतागृहे यांना विहिरीचे पाणी पुरू लागले. मुलींच्या स्वच्छतागृहाला दिवसभर पाणी मिळाले, ही गोष्ट मी सर्वांत मोठी मानतो. दुर्दैवाने, विहीर वाचविणारे आमचे शिपाई ते पाहायला हयात नव्हते.

तिसरा प्रश्न उरलेल्या वस्तूंचा. याबाबतीत आपल्या शहराने साऱ्या देशाला धडा दिला आहे. २०१७ पासून इंदूर स्वच्छतेत सलग अनेक वर्षे अव्वल राहिले. ओला-सुका कचरा वेगळा करण्याची सवय घराघरांत रुजली. आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये रोज ५५० टन ओला कचरा पचवून त्यातून इंधनवायू तयार करणारा कारखाना सुरू झाला. पण गाडी येऊन कचरा नेते म्हणून तो शाळेने सारा गाडीतच टाकावा असे नाही. वाळका पाला पहाटे पेटवून देण्याची खोड अजून अनेक आवारांत आहे. तो धूर प्रार्थनेला उभ्या असलेल्या मुलांच्या छातीत जातो. तोच पाला खड्ड्यात टाकला तर वर्षभरात खत होते. हात धुतलेले पाणी कर्दळी आणि केळीच्या वाफ्यात सोडावे. माध्यान्ह भोजनाची खरकटी ताटे मोजावी. किती अन्न टाकले गेले ते फळ्यावर लिहिले की आपोआप कमी टाकले जाते. नई तालीम ज्याला शिक्षण म्हणत असे ते हेच.

येथे एक नाजूक मुद्दा बोलल्यावाचून पुढे जाता येत नाही. मी मुलांच्या सफाईच्या पाळ्या लावल्या तेव्हा काही पालक माझ्याकडे आले आणि म्हणाले, "आमची मुले झाडू मारायला शाळेत येत नाहीत." त्यांचा राग समजून घेतला पाहिजे. आपल्या समाजात झाडू कोणाच्या हाती द्यायचा हे शतकानुशतके जन्मावरून ठरत आले, आणि कित्येक शाळांतून आजही ते काम नकळत ठरावीक घरांतल्या मुलांच्याच वाट्याला जाते. तसे होणार असेल तर ती सफाई पर्यावरणाची नव्हे, जुन्या अन्यायाची. आमच्या कोकणातल्या अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकाम हाती घेतले आणि 'गोपुरी' पद्धतीचे संडास प्रचारात आणले, ते मैला आणि माणूस या दोघांकडे पाहण्याची दृष्टी पालटावी म्हणूनच. मी त्या पालकांना एवढेच सांगितले, की पाळीच्या यादीत पहिले नाव माझे आहे, दुसरे उपमुख्याध्यापकांचे, आणि मुलांची नावे वर्णानुक्रमाने आहेत. सोमवारी मी झाडू घेतला. तक्रारी एकदम संपल्या नाहीत. पण पुढे कमी होत गेल्या.

अशी शाळा बांधणे एक वेळ सोपे, चालविणे अवघड. विहिरीवरची गाळणी ज्येष्ठात कोणी धुवायची, कवेलूंची शाकारणी कधी करायची, वानरांनी फोडलेली कवेलू कोणी बदलायची, सुट्टीत रोपांना पाणी कोणी घालायचे, सौरपाट्यांवरची धूळ कोणी पुसायची, याची नावानिशी वाटणी नसेल तर उद्घाटनाची फीत वाळायच्या आत सारे बंद पडते. यावर मला सापडलेला उपाय म्हणजे एक साधी वही. दर शनिवारी आठवीची दोन मुले विजेच्या मीटरचा आकडा, विहिरीतल्या पाण्याची पातळी, पावसाळ्यात पडलेला पाऊस आणि खताच्या खड्ड्यात गेलेल्या टोपल्या तीत लिहीत. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने हवा, ऊर्जा, अन्न, जमीन, पाणी आणि कचरा यांचा ताळेबंद मुलांकडूनच करून घेण्याची रीत अनेक शाळांत घालून दिली आहे. आमची वही तिचेच गरीब रूप. त्या वहीतून मुले सरासरी शिकली, आलेख शिकली आणि मुख्याध्यापकांना प्रश्न विचारायलाही शिकली. एकदा एका मुलाने मला विचारले, "सर, रविवारी शाळा बंद असते, मग सोमवारी मीटर पुढे कसा गेला?" शोध घेतला तेव्हा कार्यालयातला एक पंखा शनिवारपासून फिरत असलेला आढळला. तो पंखा माझ्याच टेबलावरचा होता.

सभासदहो, हे सारे आज सांगण्याचे एक कारण आहे. येथे बसलेल्यांपैकी अनेकजण एकाच वेळी ग्रंथालयाचे आश्रयदाते आणि आपल्या समाजाच्या शाळांचे विश्वस्त आहेत. जुन्या शाळांच्या उरलेल्या बैठ्या ओळी पाडून तेथे मजले चढविण्याचे बेत सध्या चालू आहेत, हे आपणही जाणता. मी नव्या बांधकामाच्या विरुद्ध नाही. मुले वाढली आहेत, खोल्या अपुऱ्या आहेत, आणि आपल्या काळ्या मातीवर मातीचे दुमजली घर बांधा असा हट्टही मी धरणार नाही. ही माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते; तिला पक्का पायाच हवा. जुने ते सारे सोने, असे म्हणणाऱ्यांतला मी नाही. परंतु ठराव मांडण्यापूर्वी आराखड्याच्या कागदावर चार ओळी लिहून मागाव्या, एवढीच विनंती आहे : वर्गांच्या खिडक्या कोणत्या दिशेला आहेत, छपराचे पाणी कोठे जाणार आहे, कोणती झाडे आणि कोणती विहीर राहणार आहे, आणि या साऱ्याची निगा दरवर्षी कोण, कोणत्या पैशातून राखणार आहे. या चार ओळींची उत्तरे मिळेपर्यंत कोणी सही करू नये.

१९८८ साली मला हे कोणी विचारले नाही, आणि मीही कोणाला विचारले नाही. माझ्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी त्याची किंमत घामाच्या रूपाने मोजली. आपल्या पूर्वजांनी शंभर वर्षांपूर्वी ग्रंथालय काढताना आपण वाचू म्हणून नव्हे, तर पुढले वाचतील म्हणून वर्गणी दिली. तीच दृष्टी शाळेच्या छपराविषयी आणि विहिरीविषयी आपल्याला ठेवता आली, तर ही शताब्दी सार्थकी लागली असे मी म्हणेन.